खोका आणि पन्नास रुपये

एकदा एका लंगड्या कुत्रीवर उपचार केले, एवढ्या अपराधापायी आमचे फाटक साऱ्या पेठेचे प्राणी टाकण्याचे हक्काचे ठिकाण झाले आहे. काल पहाटे दूध आत घ्यायला गेलो, तर पिशवीशेजारी चपलांचा खोका, त्यात डोळेही न उघडलेली मांजराची चार पिल्ले आणि वर गाईच्या दुधाची वाटी! एवढे लहान पिल्लू वाटीतून पीत नाही, गाईच्या दुधाने त्याला हगवण लागते आणि दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, त्याला थेंबथेंब पाजावे लागते, हे टाकणाऱ्याला ठाऊक नसेलही. परंतु त्याच्याच जिन्याखाली पिल्लांना शोधत ओरडणारी त्यांची आई तरी त्याला ऐकू येत असेल ना? जाब विचारावा, तर उत्तर ठरलेले असते : "तुम्हाला आवड आहे ना!" मला झोपेचीही आवड आहे, पण ती कोणी खोक्यात घालून आणून देत नाही. पाळलेला प्राणी विनाकारण सोडून देणे प्राण्यांवरील क्रूरता रोखणाऱ्या १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे खरा, मात्र पहिल्या वेळी दंड १० ते ५० रुपये. पिल्लांच्या दूध-पावडरीचा डबा त्याहून कितीतरी महाग पडतो. आणि मांजरीच्या नसबंदीचे नाव काढले, की हीच मंडळी "पाप लागेल हो," म्हणून कानांवर हात ठेवतात.