पद्मिनीला रंग देणे आहे

जुनी गाडी उभी करायची म्हटलं की लोक इंजिनाची धास्ती घेतात. इंजिन बिचारं सरळ असतं. पार्ट मिळतो किंवा मिळत नाही, आणि त्यावर घरात कुणालाच काही म्हणायचं नसतं. आमच्या 1978 च्या प्रीमियर पद्मिनीचं 1089 सीसीचं इंजिन उतरवलं, बोअर केलं, परत चढवलं; कुणी मान वर करून पाहिलं नाही. मग नाशिकला द्वारकेजवळच्या गॅरेजात उस्तादने विचारलं, "साहेब, रंग कोणता मारायचा?" आणि आमच्या घरात लोकशाही सुरू झाली.

अण्णांनी गाडी घेतली तेव्हा हा प्रश्नच नव्हता. नंबर लावायचा, पैसे भरायचे आणि वर्षानुवर्षं वाट पाहायची. कुर्ल्याच्या कारखान्यातून गाडी आली की जो असेल तो रंग आपला. "आवड सांगितली असती तर नंबरच मागे गेला असता," असं अण्णा अजूनही अभिमानाने सांगतात.

मी म्हटलं, सोपं आहे, मूळचा होता तोच देऊ. पण मूळचा म्हणजे कोणता? आईला गाडी क्रीम आठवत होती. पुण्याच्या ताईने व्हिडिओ कॉलवरून आकाशी म्हणून शपथ घेतली. अण्णा म्हणाले राखाडी, आणि पेपर उघडून बसले. म्हणजे त्यांच्यापुरता विषय संपला. पुरावा म्हणून अल्बम काढले. त्र्यंबकेश्वरला जाताना काढलेला पहिला फोटो कृष्णधवल निघाला. दुसरा रंगीत होता, पण इतका उडालेला की गाडी, अण्णा आणि मागचा ब्रह्मगिरी हे तिघेही सारखेच तांबूस दिसत होते.

उस्ताद म्हणाला, फोटो कशाला, गाडीलाच विचारू. जिथे नंतरच्या पेंटरचा हात पोचत नाही तिथे जुना रंग शाबूत राहतो: दाराच्या रबराखाली, डॅशबोर्डच्या मागे, डिकीतल्या मॅटखाली. त्याने दाराच्या कडेला पाणी-पेपर घासायला सुरुवात केली आणि आम्ही सगळे वाकून उभे राहिलो. आधी पांढरा लागला. मग मरून. हा मामाचा, मधली काही वर्षं गाडी ओझरला त्याच्याकडे होती आणि त्याला ती वरचेवर नवी वाटायला हवी असे. मग आकाशी आला, फोनमधून ताई ओरडली. त्याखाली क्रीम निघाला, आईने पदर सावरला. आणि सगळ्यात खाली, पत्र्याला चिकटून, राखाडी.

"बघा!" अण्णा म्हणाले.

"अण्णा, हा कंपनीचा प्रायमर आहे, रंगाआधीचं अस्तर," उस्ताद म्हणाला.

अण्णांनी त्या दिवशी गॅरेजातला चहा घेतला नाही.

म्हणजे खरं बघता सगळ्यांचंच बरोबर होतं, आणि सगळ्यांचंच बरोबर असलं की घरात तोडगा निघणं कायमचं बंद होतं. मग मूळ रंगाचा नाद सोडून नव्याने निवडायचं ठरलं आणि शेड कार्ड घरी आलं.

आमच्या गल्लीतले एक काका नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झाले आहेत. जन्म नोटा छापण्यात गेलेला, त्यामुळे ते रंगाचं नाव घेत नाहीत, किंमत सांगतात. भिंग घेऊन ते कार्डावर बसले. "हा पन्नासचा. हा शंभराचा, जरा कच्चा आहे." चॉकलेटीपाशी मी थांबलो तर म्हणाले, "दहाच्या नोटेत फिरणार? पत काय राहील?" बायकोने किरमिजीवर बोट ठेवलं तसे ते हादरलेच. "दोन हजाराचा! नको वहिनी, तो परत घेतात."

पिवळा मला आवडला होता. पण पद्मिनीला पिवळा म्हटलं की मुंबईची टॅक्सी आलीच. 2023 च्या ऑक्टोबरात मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली, तरी लोकांचा हात सवयीने वर जातोच. आई म्हणाली, मुंबई नाक्यावर कुणीतरी मागच्या सीटवर येऊन बसेल. काळ्याला उस्तादचा नकार. काळ्या चकाकीत पत्र्याची एकूण एक लहर दिसते, आणि आमच्या पत्र्यात लहरीच जास्त. मेटॅलिक घेतला तर वर क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक थर हवा, आणि उद्या कुठे घासलं तर तेवढ्याच जागेचा रंग जुळता जुळत नाही. ताईने 'वाइन रेड' सुचवला. नाशिकला शोभेल म्हणाली. अण्णांनी गळ्यातली तुळशीची माळ चाचपली. तो विषय तिथेच मिटला.

बरं, कार्डावर आवडलेला रंग गाडीवर तोच दिसेल याचीही खात्री नाही. कार्डावरचा चौकोन अंगठ्याएवढा, आणि रंग मोठ्या पत्र्यावर गेला की उजळतो, भडक होतो. त्यात उजेडाची भर. ट्यूबलाइटखाली एक, उन्हात दुसरा. उस्तादने पत्र्याचे तुकडे रंगवून दिले. ते घेऊन आम्ही सकाळी गच्चीवर, दुपारी सोमेश्वरच्या झाडीत आणि रात्री कॉलेज रोडच्या दिव्याखाली उभे राहायचो. मिसळ खाणारी मंडळी आम्हाला पत्र्याचे व्यापारी समजून भाव विचारू लागली.

अशा वेळी मला आपल्या रहाडींचा हेवा वाटतो. पेशवेकाळापासूनचे दगडी हौद, वर्षभर मातीखाली, रंगपंचमीला उघडायचे. शनी चौकात गुलाबी म्हणजे गुलाबी, तिवंध्यात पिवळा म्हणजे पिवळा. कुणी काठावर शेड कार्ड उघडत नाही. धप्पा मारायचा, रंगून बाहेर यायचं. मी हे उस्तादला ऐकवलं तर तो शांतपणे म्हणाला, "मग गाडीच घाला ना रहाडीत."

त्याचाही संयम सुटत चालला होता. प्रायमर मारून गाडी तयार होती आणि जून तोंडावर आला होता. प्रायमर पाणी पितो; वर रंग नसेल तर खालून गंज धरतो, आणि मग पुन्हा पत्र्यापासून सुरुवात. शिवाय पन्नास वर्षांवरच्या गाडीला विंटेज म्हणून 'व्हीए' अक्षरांचा वेगळा नंबर घेता येतो, असा नियम 2021 मध्ये आला आहे. आमची 2028 ला पन्नाशी गाठेल. आमचा वेग पाहता रंगाआधी तो नंबर मिळायची चिन्हं होती.

शेवटी कोंडी फोडली आरसी बुकाने. गाडीचा रंग त्यावर लिहिलेला असतो, आणि बदलला तर नोंदही बदलून घ्यावी लागते. तोवर हे कुणाला सुचलंच नव्हतं. अण्णांच्या कपाटातून पुस्तक निघालं. रंगाच्या रकान्यात इंग्रजी 'जी' आणि 'आर' एवढी दोनच अक्षरं शाबूत, पुढे चहाचा डाग.

"ग्रे!" अण्णा उभे राहिले.

"ग्रीनही असेल," ताई म्हणाली.

पण पाच थरांच्या पत्र्यात हिरव्याचा ठिपकाही नव्हता, आणि नोंद बदलायला पेठ रोडला आरटीओत जायचं म्हटल्यावर क्रीमवाले आणि आकाशीवाले भराभर अण्णांच्या पक्षात आले. तत्त्वनिष्ठा अशी उन्हाळ्यात टिकत नाही. काकांनी भिंगातून पाहून मंजुरी दिली. "पाचशेचा आहे. चलनात आहे, घ्या."

राखाडी झाला. उस्तादने जीव ओतून मारला, रबिंग केलं, पॉलिश केलं. पहिल्या पावसाच्या आधी गाडी बाहेर पडली. अण्णा पुढे, आई आणि बायको मागे, मी स्टिअरिंगजवळचा गिअर खालीवर करत. मुंबई नाक्याच्या सिग्नलला एक रिक्षा शेजारी येऊन थांबली. रिक्षावाल्याने गाडी बॉनेटपासून डिकीपर्यंत नीट पाहिली, मान बाहेर काढली आणि अण्णांना म्हणाला, "आजोबा, काम झकास चाललंय. पण रंग कधी मारताय? प्रायमरवर पाऊस लागू देऊ नका."

अण्णांनी हँडल फिरवून काच वर घ्यायला सुरुवात केली. पद्मिनीची काच ती, निम्म्यावर अडकली. त्यामुळे क्रीम किती छान दिसेल हेही ऐकून घ्यावं लागलं.