‘माप देऊन केलेला सोल म्हणजे लूट’: त्या मेसेजला माझं उत्तर

पावसाळ्यापासून एक मेसेज आमच्या परभणीकडे घरोघरच्या फोनवर फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: पायाच्या संधिवातासाठी माप घेऊन बनवलेले, चपलेत-बुटात तळव्याखाली घालायचे सोल ही निव्वळ लूट आहे. आपले पूर्वज अनवाणी चालायचे, त्यांना संधिवात नव्हता. सांध्यातली झिजलेली गादी सोलाने भरून येत नाही. त्याची सवय लागली की पाय लुळा पडतो. मेडिकलमधला 200 रुपयांचा सोल आणि मापाचा सोल सारखाच. आणि रोज पहाटे दवात अनवाणी चाललं की 21 दिवसांत घोट्याचा संधिवात मुळासकट जातो.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. हा मेसेज वाचून माझ्या सख्ख्या आत्याने तिच्या सँडलमधले सोल उपसून काढले आणि तीन आठवड्यांत तिचं चालणं न्हाणीपर्यंतच उरलं. म्हणून हे लिहायला बसले.

आधी पूर्वजांचं बघू. संधिवात नव्हता, हे खोटं आहे. हजार वर्षांहून जुन्या ‘माधवनिदान’ या आयुर्वेदाच्या ग्रंथात आमवाताची, म्हणजे सांधे सुजून आखडणाऱ्या संधिवाताची लक्षणं दिली आहेत. जो आजार कुणाला होतच नव्हता, त्याची लक्षणं वैद्यांनी कशाला लिहून ठेवली असती? हजारो वर्षांपूर्वीच्या सांगाड्यांतही सांधे झिजल्याच्या खुणा सापडतात. आणि पैठणहून नाथांच्या पालखीबरोबर अनवाणी निघालेले आपल्याला दिसतात, कारण ते निघू शकले. ज्यांचे पाय धरले होते, त्या म्हाताऱ्या ओसरीवर बसून राहिल्या. त्यांची मोजदाद कुणी केली? 2006 च्या चिकनगुनियानंतर महिनोन्‌महिने घोटे सुजलेली माणसं तर आपण सगळ्यांनीच पाहिली आहेत. अनवाणी चालणारेही त्यात होतेच.

‘गादी भरून येत नाही’ हे मात्र खरं आहे. कुणी सोल विकताना गादी परत येईल असं सांगत असेल, तर तोही फसवतोय. पण सोलाचं ते कामच नाही. पावलात 26 हाडं आणि 33 सांधे आहेत. दुखणारा सांधा कमी वाकावा, त्याच्यावर कमी भार यावा, एवढंच सोलाने करायचं असतं. अंगठ्याच्या मुळाचा सांधा झिजला असेल, तर टाच उचलताना तो वाकतो आणि कळ येते. तिथे अंगठ्याखालचा भाग ताठ ठेवतात, किंवा चपलेचा तळ पुढून होडीसारखा वर वळवतात, म्हणजे पाऊल न वाकता पुढे कलंडतं. पावलाच्या मधले सांधे झिजले असतील, तर प्रत्येक पावलाला कमान खाली बसते, तिला खालून टेकू द्यायचा. आमवातात बोटांच्या मुळाशी असलेली चरबीची उशी पुढे सरकते आणि हाडांची टोकं थेट जमिनीला लागतात. आत्या म्हणायची, “हरभऱ्यावर चालल्यागत होतंय बाई.”

तिच्या पायाला मी काय केलं ते सांगते, कारण मापाचा सोल म्हणजे काय हे त्यातून कळेल. तिच्या जुन्या चपला उलट्या करून पाहिल्या, तर टाचेची आतली कड पार घासलेली. तळव्याला दुसऱ्या-तिसऱ्या बोटाच्या मुळाशी रुपयाएवढा घट्टा. त्या घट्ट्यावर मी लिपस्टिक लावली आणि तिला नव्या सोलावर उभं केलं. सोलावर लाल ठिपका उमटला. मऊ उंचवटा त्या ठिपक्यावर लावायचा नसतो, त्याच्या जरा मागे लावायचा, म्हणजे भार हाडाच्या मागच्या भागावर जातो आणि टोक सुटतं. जरा पुढे सरकला तर तोच उंचवटा खुपतो आणि दुखणं वाढतं.

मेडिकलमधल्या सोलाबद्दलचा मुद्दा अर्धा खरा आहे, तो मी लपवणार नाही. सुरुवातीच्या दुखण्यात, पावलाची ठेवण फारशी बिघडलेली नसेल, तर तयार सोलाने बऱ्याच जणांना तेवढाच आराम पडतो. अभ्यासांतही दोन्हींतला फरक अनेकदा फार मोठा दिसलेला नाही. मी स्वतः अनेकांना आधी तयार सोलच घ्यायला सांगते. पण बोटं वाकडी झालीत, घट्टे पडलेत, दोन्ही पाय वेगळे आहेत, तिथे तयार सोल पुरत नाही. नुसता मऊ जेल तर दाबला जातो, आधार देत नाही. घोट्याचं गणित आणखी वेगळं. घोट्याची झीज बहुतेक वेळा जुन्या मारातून येते: गाडीवरून पडून हाड मोडलेलं, बांधावर पाय पुनःपुन्हा मुरगळलेला. तिथे एकटा सोल कमी पडतो, घोटा धरून ठेवणारा पट्टा किंवा साचा लागतो.

सोलाच्या सवयीने पाय लुळा पडतो म्हणतात, पण पाय लुळा होतो तो बसून राहिल्याने. दुखतं म्हणून माणूस बसून राहतो, तेव्हा पोटरी बारीक होते, हे मी रोज पाहते. सोलाबरोबर टाचा उचलण्याचा, बोटांनी टॉवेल ओढण्याचा व्यायाम द्यायचाच असतो. जो देत नाही, त्याच्याकडे मागा.

दवात चालून 21 दिवसांत संधिवात जात नाही. आमवाताला गोळ्या लागतात, त्या वेळेवर सुरू झाल्या नाहीत तर सांधे कायमचे वाकडे होतात. गाउटचा, म्हणजे युरिक अ‍ॅसिड साठून होणाऱ्या संधिवाताचा, इलाज वेगळा. आणि साखरेने पाय बधिर झालेल्या माणसाने हा मेसेज मानला, तर बाभळीचा काटा मोडलेलाही त्याला कळणार नाही. धडधाकट माणसाने गवतावर खुशाल चालावं, त्याला माझी ना नाही.

‘सहा महिने वापरले, काही फरक नाही’ असं मेसेजखाली अनेकांनी लिहिलंय, त्यावर मला जास्त बोलायचंय. ते खोटं बोलत नाहीत. सोल बनतो बुटासाठी, आणि आपल्या बाया नऊवारीवर किंवा साडीवर बूट घालत नाहीत. मग तो सोल गावाला जाताना तासभर वापरला जातो. उरलेला दिवस शहाबादी फरशीवर अनवाणी, कारण स्वयंपाकघरात चप्पल चालत नाही. शेतात काळी माती चिकटून बूट मणाचा होतो. यात दोष बाईचा नाही, तिचा दिवस न विचारता सोल देणाऱ्याचा आहे. मागे पट्टा असलेल्या सँडलमध्येच उंचवटा बसवून घेता येतो. घरात फिरवायला वेगळी स्वच्छ जोडी करता येते. पहिल्या दिवशी तासभरच घालायचा, मग रोज थोडा वाढवायचा. कुठे लाल चट्टा उठला आणि अर्ध्या तासात गेला नाही, तर सोल परत न्यायचा आणि घासून घ्यायचा.

आत्याने काढलेले सोल तिच्या नातवाने जपून ठेवले होते. मागच्या रविवारी सेलूला गेले, तेव्हा तिने ते जुन्या ब्लाउजच्या कापडात गुंडाळून पुढे ठेवले. उजव्या सोलावरचा लाल ठिपका अजून पुसट दिसत होता. एक जोडी सँडलमध्ये परत बसवली आणि घरातल्यासाठी दुसरीचं माप घेतलं. देवघरात चालेल का, असं तिने विचारलं. उंबऱ्यापाशी काढून ठेव म्हटलं, तिथून देवापर्यंत चारच पावलं आहेत.