तळखडा

‘हेरिटेज-हेरिटेज करणाऱ्यांनी एक पावसाळा वाड्यात काढून दाखवावा.’ घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दादानं, म्हणजे माझ्या चुलतभावानं, हे टाकलं आणि माझा आठवडा नासला. निमित्त शनिवारवाड्याचं. संरक्षित वास्तूपासून १०० मीटरांत नवं बांधकाम बंद. २०१०च्या दुरुस्तीनं कायदा आणखी कडक झाला आणि आसपासचे वाडेवाले अडकले. त्यांचा राग मला कळतो. पण टोमणा मला होता. मी इंग्लंडमधल्या बाथ शहरात जुन्या इमारतींच्या दुरुस्तीची कामं करते.

इथे लिस्टेड, म्हणजे सरकारी वारसा यादीतल्या, घराची खिडकी विनापरवाना बदलली तर थेट गुन्हा. तरी लोक त्या घरांत हौसेनं राहतात. आणि पुण्यात? पावसाळ्याआधी महापालिकेची ‘धोकादायक वाडा’ अशी नोटीस आली की मालकाला हायसं वाटतं, आता पाडता येईल म्हणून! (नव्या घराला व्हॅट शून्य आणि जुन्याच्या दुरुस्तीला २० टक्के, हा इथला शहाणपणा मी ग्रुपवर सांगत नाही.)

‘पाडा’ नाहीतर ‘ठेवा’, एवढंच आपल्याकडे चालतं. त्या १०० मीटरांतही दुरुस्तीला परवानगी मिळू शकते, पण दुरुस्तीचं नाव कोण घेतो? परवाच एका भिंतीच्या दरजांतलं, म्हणजे दगडांमधल्या सांध्यांतलं, सिमेंट छिन्नीनं काढून चुना भरून घेतला. बाथचा दगड मऊ. सिमेंटनं ओल आत कोंडते आणि दरज शाबूत राहून दगडच झडतो. नारायण पेठेतल्या आमच्या वाड्याचं हेच झालं. १९६१च्या पानशेतच्या पुरानंतर आजोबांनी भिंतींना कमरेपर्यंत सिमेंटचा गिलावा करून घेतला. ओल लाकडात चढली.

२०१६ साली मी चौकातल्या खांबाच्या बुडाशी पेन्सिल टोचली, ती अर्धी आत गेली. वीतभर वर टोचली, तर टोक मोडलं. म्हणजे टेकू देऊन कुजका भाग कापायचा, सागवानाचा नवा तुकडा सांधायचा आणि खांब परत तळखड्यावर, म्हणजे त्याच्या बुडाखालच्या दगडावर, बसवायचा. एक चांगला सुतार, दोन आठवडे. चौकात उभं राहून हे मी सगळ्यांना समजावलं. काकू म्हणाली, ‘आणि सकाळच्या संडासाच्या रांगेचं काय?’

पाच बिऱ्हाडांचं महिन्याचं भाडं मिळून सुताराची एका दिवसाची मजुरी निघत नव्हती. १८७९च्या आगीत होरपळलेला विश्रामबागवाडा दुरुस्त होऊन उभा आहेच की, असं मी म्हणाले. पण त्याच्यामागे महापालिका आहे. आमच्या प्रॉपर्टी कार्डावर अकरा नावं.

एक पावसाळा काढून दाखव म्हणे. वाड्यातला माझा शेवटचा पावसाळा १९९६चा. आज राहते ते घर २००९चं, डबल ग्लेझिंगचं. चुन्याचे हात धुऊन घरी आले की आधी हीटिंग लावते. आणि बिल्डरच्या करारासाठी त्या अकरांतली एक सही माझी आहे, मुखत्यारपत्रावर, चांगली वळणदार मराठीत.

तो खांब मला हवा होता. दादाला तसं कळवलं, तोवर जुन्या लाकडाचा व्यापारी घनफुटाच्या भावानं सगळं घेऊन गेला होता. तळखडा तेवढा राहिला. पार्किंगमध्ये आहे, त्यावर तुळशीची कुंडी ठेवलीय, असं दादा म्हणतो. हवा तर ने, पण वजनाचे पैसे तू भर.