पवनचक्की प्लास्टिकच्या दोराला? हो, पण कोणत्या?

सध्या एक मजकूर फिरतोय: ‘समुद्रातल्या तरंगत्या पवनचक्क्या म्हणे प्लास्टिकच्या दोरांनी बांधणार! आमच्या होडीचा नायलॉनचा दोर दोन पावसाळ्यांत पिंजतो. साखळीच खरी. केव्लारसुद्धा तुटलं होतं. 25 वर्षं टिकेल असा दोर कुणी पाहिलाय?’

होडीचा अनुभव खोटा नाही. पण तो दोर उन्हात पडतो, कप्पीवरून वळतो, धक्क्याच्या दगडाला घासतो. पवनचक्कीचा दोर आवरण घालून पाण्याखाली ताणलेला असतो. तळाला घासणारा भाग बहुधा साखळीचाच ठेवतात.

आता ‘साखळीच खरी’. दर 10 सेकंदांना एक लाट धरा, 25 वर्षांत सुमारे 8 कोटी हेलकावे होतात. कडीवर गंजाचा खड्डा पडला की तिथून चीर सुरू होते आणि प्रत्येक हेलकाव्याला थोडी पुढे सरकते. साखळीच्या नेहमीच्या हिशेबात हेलकाव्याचा ताण दुप्पट झाला की आयुष्य आठव्या हिश्श्यावर येतं. दोरात एका तंतूची चीर शेजारच्या तंतूत शिरत नाही. म्हणून आपापल्या तुटण्याच्या बळाच्या सारख्याच टक्क्यांचे हेलकावे दिले, तर पॉलिएस्टरचा दोर साखळीला कितीतरी मागे टाकतो. अंगोलाजवळच्या जिरासोल तेलक्षेत्रात तर बोयाच्या साखळ्या वर्षभराच्या आतच तुटल्या होत्या; कड्या वाकून वाकून थकल्या.

केव्लारच्या जातीचे अरामिड (एक अतिशय मजबूत कृत्रिम धागा) दोर 1983 मध्ये मेक्सिकोच्या आखातात तुटले, हे खरं. पण कारण ओढ नव्हती. दोर सैल पडला की आतले तंतू दबून दुमडतात, आणि अरामिडला तेच सोसत नाही. पॉलिएस्टरला ते बरंच सोसतं.

कुणी पाहिलाय? पेट्रोब्रास ही तेल कंपनी ब्राझीलच्या समुद्रातल्या कांपोस खोऱ्यात 1997 पासून पॉलिएस्टरचे दोर वापरते आहे. एकच दोर इतकी वर्षं टिकला असं नव्हे, पण तंत्र नवखं नाही.

शंका घ्यायचीच तर नायलॉनवर घ्या. उथळ पाण्यात दोराची लांबी कमी, म्हणून जास्त ताणणारा धागा हवा, आणि तो गुण नायलॉनकडे आहे. पण ओलं झालं की त्याचं बळ सुमारे 10 ते 15 टक्के घटतं, आणि प्रत्येक हेलकाव्याला आतले धागे एकमेकांवर घासून झिजतात. टँकर बांधायच्या नायलॉनच्या दोरांनी त्याचं नाव खराब केलं ते यामुळेच. पीळ कमी ठेवून आणि धाग्यांवर घर्षण कमी करणारा लेप देऊन आयुष्य बरंच वाढतं. फ्रान्समध्ये ल क्रोआझिकजवळ, सुमारे 33 मीटर खोलीवर, 2018 मध्ये सुरू झालेली फ्लोटजेन ही तरंगती पवनचक्की नायलॉनच्याच दोरांवर होती. पण ती 2 मेगावॉटची. 15 मेगावॉटच्या यंत्राचा जाड दोर खऱ्या लाटांच्या गतीने 8 कोटी वेळा ताणून पाहायचा, तर चाचणीलाच 25 वर्षं लागतील. म्हणून बारीक दोर ताणून त्यावरून जाड दोराचा अंदाज बांधतात.