गावी गेल्यावर दाखवते

शारजात पिंक कॅराव्हॅनच्या स्तनाच्या कॅन्सरच्या तपासणी शिबिरांत स्वयंसेवक म्हणून जायला लागल्यापासून हे वाक्य इतक्या बायकांच्या तोंडून ऐकलंय की आज लिहायलाच बसले. छातीत गाठ हाताला लागलेली असते. अंघोळीच्या वेळी रोज चाचपून बघणं चालू असतं. आणि विचारलं की उत्तर ठरलेलं, "जुलैत जाणारच आहोत ना गावी, तेव्हा दाखवते."

मैत्रिणींनो, आखातात राहणाऱ्या आपल्या बायकांचा घात या वाक्यानं होतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

जुलैतली सुट्टी कशी जाते ते आपल्याला ठाऊक आहे. उतरल्या उतरल्या सासर, मग माहेर, भाच्याचं लग्न, कुलदैवताचं दर्शन, बँकेची कामं, सासूबाईंचे डोळे. शेवटच्या आठवड्यात कशीबशी डॉक्टरकडे पाळी येते. ते सांगतात, पुण्याला जाऊन मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांचा एक्स-रे, करून घ्या. तोवर बॅगा भरायला काढलेल्या असतात. मग "पुढच्या खेपेला बघू." गेलं वर्ष!

पिंक कॅराव्हॅन हा शारजातल्या 'फ्रेंड्स ऑफ कॅन्सर पेशंट्स' या संस्थेचा २०११ पासूनचा उपक्रम. गुलाबी पोशाखातले घोडेस्वार सातही अमिरातींतून फिरतात, सोबत डॉक्टर, नर्स आणि तपासणीची फिरती सोय. तपासणी मोफत, इथल्या नागरिकांची आणि आपल्यासारख्या बाहेरून आलेल्यांचीही. पुरुषांचीही होते, कारण स्तनाच्या कॅन्सरच्या शंभर रुग्णांत साधारण एक पुरुष असतो. फोटो घोड्यांचे येतात, खरं काम पडद्याआड चालतं. आम्ही बायका फॉर्म भरून घेतो, भाषा सांभाळतो, आणि घाबरलेलीच्या शेजारी बसतो.

मागे एक ताई आल्या होत्या, सातारा भागातल्या, इथे घरून डबे करून देणाऱ्या. शेजारणीनं ओढूनच आणलं होतं. ओढणी घट्ट धरून बसलेल्या. "दुखत नाही हो, मग कशाला?" त्यांना सांगितलं, न दुखणारी गाठच आधी दाखवायची असते, कारण सुरुवातीला कॅन्सरची गाठ बहुतेक वेळा दुखतच नाही. आतली डॉक्टर बाई आहे हे कळल्यावर उठल्या. बाहेर आल्यावर त्यांनी मला पहिला प्रश्न विचारला, "रिपोर्ट यांच्या मोबाईलवर जातो का?" आजारापेक्षा खर्च, व्हिसा, नवऱ्याच्या कपाळावरची आठी यांचं ओझं मोठं. पुढच्या तपासण्या झाल्या, गाठ साधी निघाली. बहुतेक गाठी साध्याच असतात. पण ते कळेपर्यंत किती रात्री त्या बाईनं एकटीनं काढल्या असतील!

"एवढी हौस आहे तर भारतात येऊन काम करा," असं मला सुनावणारेही आहेत. भारतात काम हवंच आहे. २०२२ मध्ये आपल्या देशात अंदाजे १ लाख ९२ हजार बायकांना हा कॅन्सर झाला आणि सुमारे ९८ हजार दगावल्या. जागतिक आरोग्य संघटना सांगते की श्रीमंत देशांत निदानानंतर पाच वर्षं जगणाऱ्यांचं प्रमाण ९० टक्क्यांच्या वर आहे, भारतात ६६ टक्के. उशीर हे त्यामागचं एक मोठं कारण. पण अमिरातीतला सगळ्यात मोठा समाज भारतीयांचाच आहे, आणि इथली गाठ विमानाच्या तिकिटाची वाट बघत थांबत नाही.

साध्या हाताच्या तपासणीनं काय होणार, असंही विचारतात. मुंबईत टाटा मेमोरियलनं १९९८ पासून वीस वर्षं अभ्यास केला. झोपडपट्ट्यांतल्या दीड लाखाहून जास्त बायका त्यात होत्या. प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हातानं तपासणी केली, अशा चार फेऱ्या. पन्नाशीपुढच्या बायकांत या कॅन्सरनं होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्यांत तसा फरक दिसला नाही, हेही सांगायला हवं. तरी गाठ लागली तर वय न बघता दाखवायचीच.

स्वयंसेविकांनाही माझं एक सांगणं आहे. रिबन लावून, पत्रकं वाटून आपलं काम संपत नाही. जिला पुढची तपासणी सांगितली आहे तिला, तिला चालणार असेल तर, आठवड्यानं फोन करा. गेली का? नाही गेली तर का नाही? "नमुना घ्यायला गाठीत सुई टोचली की कॅन्सर पसरतो" असं कुणीतरी तिच्या डोक्यात भरवलेलं असतं. ते साफ खोटं आहे, आणि ते तिला तिच्या भाषेत, धीरानं सांगणारं माणूस लागतं. "आमच्या घरात कुणाला नाही" हेही तसंच. बहुतेक रुग्णांच्या घरात आधी कुणालाच झालेला नसतो.

आणि नवरे मंडळींनो, बायकोच्या व्हिसाची तारीख तुम्हाला पाठ असते. तिच्या इन्शुरन्समध्ये मॅमोग्राफी बसते का, हे आज रात्री बघून घ्या.

शारजा, दुबई, अजमानमध्ये कुणाला गाठ लागली असेल, कातडी ओढल्यासारखी किंवा खळी पडल्यासारखी दिसत असेल, स्तनाग्रातून रक्त येत असेल, तर जुलैची वाट बघू नका. एकटीनं जायला अवघड वाटत असेल तर मला इनबॉक्समध्ये लिहा. मी बरोबर येते.