कर्ज थकलं म्हणून जिल्हाबंदी? दावा नंबर विचारा

दसरा झाला की आमच्या बीडकडं ऊसतोडीच्या गाड्या भरू लागतात. नेमका तेव्हाच मोबाइलवर एक मेसेज फिरतोय: "कर्ज थकलं की कोर्ट जिल्हाबंदी करतं. न विचारता बाहेर गेलात तर अटक. पैसे फिटेपर्यंत जेल, बायकोलाही सोडत नाहीत." परवा एक जण हा मेसेज आणि हातातली नोटीस घेऊन माझ्या टेबलाशी आला. कारखान्याची गाडी दुसऱ्या दिवशी निघणार होती. नोटिशीवर तराजूचं चित्र, लाल अक्षरांत 'अंतिम सूचना', खाली वसुलीवाल्याचा मोबाइल नंबर. दावा नंबर नाही, कोर्टाचा शिक्का नाही.

मेसेज अगदीच हवेतून आलेला नाही, हे आधी कबूल करतो. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 38 प्रमाणे पैशाच्या दाव्यात निकालाआधीच प्रतिवादीला वॉरंट काढून कोर्टापुढं आणता येतं. पण त्यासाठी आधी दावा दाखल हवा. मग हा माणूस दावा लांबवायला किंवा चुकवायला हद्द सोडून गेलाय, जायच्या बेतात आहे किंवा मालमत्तेची विल्हेवाट लावतोय, हे वादीनं कोर्टाला पटवायचं. सगळी गोम इराद्यात आहे. वॉरंटात लिहिलेली रक्कम बेलिफाकडं भरली तर अटकच होत नाही, आणि कोर्टात आणलं तरी जामीन का देत नाहीस, हाच प्रश्न विचारतात. दरसाल कोयता घेऊन सांगली-कोल्हापूरला नाहीतर कर्नाटकात जाणारा आणि हंगाम संपला की परतणारा माणूस फरार ठरवायचा, तर अर्धा तालुकाच फरार म्हणावा लागेल. 'जिल्हाबंदी' हा शब्द तर बहुधा तडीपारीतून उचललाय. तिथं उलट माणसाला जिल्ह्याबाहेर काढतात!

"पैसे फिटेपर्यंत जेल" हे साफ खोटं. हुकूमनामा (पैसे देण्याचा कोर्टाचा निकाल) झाला, दरखास्त (त्याच्या वसुलीचा अर्ज) लागली, तरी दिवाणी कैद जास्तीत जास्त 3 महिने, आणि रक्कम 2000 रुपयांपर्यंत असेल तर कैदच नाही. शिवाय देण्याची ऐपत असून किंवा बदमाशीनं टाळतोय, हे दिसावं लागतं. नुसत्या गरिबीपायी कर्जदाराला कैदेत टाकता येत नाही, असं सुप्रीम कोर्टानं जॉली जॉर्ज वर्गीस खटल्यात 1980 मध्येच सांगितलं. कैदेतल्या माणसाच्या जेवणाचा भत्ता धनकोनं, म्हणजे कर्ज देणाऱ्यानं, भरायचा असतो, म्हणून बरेच जण त्या वाटेला जातही नाहीत. कैद भोगली म्हणून कर्ज मात्र फिटत नाही, तेवढं ध्यानात ठेवा.

बायकोचं म्हणाल तर त्याच दिवाणी संहितेचं कलम 56 वाचा: पैशाच्या हुकूमनाम्याच्या वसुलीसाठी बाईला अटक करता येत नाही.

देशाबाहेर जाणाऱ्याला विमानतळावर अडवायच्या लुकआउट नोटिशीचा गावातल्या पीककर्जाशी संबंध नाही. सरकारी बँकांच्या प्रमुखांना ती मागण्याचा जो अधिकार होता, तोही मुंबई उच्च न्यायालयानं 23 एप्रिल 2024 रोजी रद्द ठरवला. कोर्टानं स्वतः दिलेले आदेश त्या निकालात येत नाहीत.

एक गोष्ट वेगळी. उचल, म्हणजे तोडणीची आगाऊ रक्कम, घेऊन गाडीवर न गेलेल्यावर फसवणुकीचा गुन्हा दाखल होतो. त्यात जामीन मिळताना बाहेर न जाण्याची अट पडली असेल, तर ती पाळावीच लागते. तो फौजदारी मामला, थकबाकीचा नव्हे.

आणि अडवून ठेवण्याचंच बोलायचं, तर आमच्याकडं ते फडावर, म्हणजे तोडणीच्या उसाच्या शेतात, होतं. उचल फिटेपर्यंत कोयत्याला, म्हणजे तोडणी मजुराला, गावी जाऊ न देणं, लेकरू आजारी असलं तरी. 1976 च्या वेठबिगारी कायद्यात कर्जापायी माणसाचा फिरण्याचा हक्क काढून घेणं हीच वेठबिगारी आहे. त्याला 3 वर्षांपर्यंत शिक्षा आहे, ते कर्जही बुडीत धरलं जातं आणि तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडं करता येते. असा मेसेज मात्र मला आजवर कुणी पाठवलेला नाही.

त्या माणसानं माझ्यासमोरच नोटिशीवरचा नंबर लावला आणि मी सांगितलं तेवढंच विचारलं, "साहेब, दावा नंबर काय?" पलीकडचा म्हणाला, सायंकाळी कळवतो. दुसऱ्या दिवशी गाडी निघाली तरी फोन आला नव्हता.