तात्यांचा दोष नाही, तरी त्यांची गोळी थांबवू नका

तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली. काल दिवसभर पेशंट तपासताना ती डोक्यात घोळत होती, म्हणून दोन ओळींत न आटपता सविस्तर लिहिते आहे.

इतर वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. तुम्ही मूळचे आटपाडीकडचे, सध्या तमिळनाडूत गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या धंद्यात. वडील, म्हणजे तात्या, गावी असतात. जन्म बहात्तरच्या दुष्काळातला, उंची पाच फूट पाच, वजन ५८ किलो, पोट सुटलेलं नाही, गोडाची आवड नाही, आयुष्य रानात राबण्यात गेलं. चार वर्षांपूर्वी शुगर निघाली. मी मागच्या लेखात टाइप टू मधुमेहाला 'जीवनशैलीचा आजार' म्हटलं, त्याचा तुम्हाला राग आला. "म्हणजे चूक माझ्या बापाची का?" असं तुम्ही विचारलंत. पुढे लिहिलंत की तात्या रात्री नुसतं ताक पिऊन झोपतात, तरी सकाळी उपाशीपोटी १८० येते, मग तुमची गोळी करते काय? गोळ्या वाढवत वाढवत डॉक्टर शेवटी इन्सुलिनवर नेऊन सोडतात, म्हणून दीड महिन्यापूर्वी गोळी बंद करून काढा सुरू केला आणि साखर १४५ वर आली.

पहिल्या मुद्द्यावर तुम्ही बरोबर आहात. मी तो शब्द सवयीने वापरला होता. लेखातून तो आज काढून टाकला आहे.

काढला, कारण माझ्यासमोर रोज बसणारी निम्मी माणसं तात्यांसारखीच असतात. सडपातळ, काटक, हाताला घट्टे पडलेली. त्यांना 'जीवनशैली' म्हटलं की ती मान खाली घालतात, जणू चोरून काही खाताना पकडली गेली. हे कसं घडतं याचा सर्वांत महत्त्वाचा शोध आपल्या शेजारी पुण्यातच लागला आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या आया आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास करत आले आहेत. तिथल्या बाळांचं जन्माचं सरासरी वजन २.७ किलो भरलं. इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. आपली बाळं सगळीकडूनच बारीक असतील असं कुणालाही वाटेल. पण त्यांच्यात स्नायू कमी होते आणि त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. दिसायला बारीक, आतून चरबीदार. हीच ठेवण पुढे मोठेपणी राहते. २००४ साली डॉ. याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. युडकिन यांचा शेजारी शेजारी उभे असलेला एक फोटो 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र एकाची ९.१ टक्के, दुसऱ्याची २१.२ टक्के. जास्त चरबी कुणाची, हे सांगायला नको. तात्यांचा बीएमआय साधारण २१ येतो. त्या आकड्यावरून त्यांच्या लिव्हरमध्ये काय साठलं आहे ते कळत नाही.

आता तुम्ही जाता जाता लिहिलेलं एक वाक्य. तात्या पोटात असताना आजी दुष्काळी कामावर खडी फोडायला जायच्या आणि सुकडी, मिलो अशा मदतीच्या अन्नावर दिवस काढले. तुम्ही ते कष्टाची आठवण म्हणून लिहिलंत. मला त्यात वैद्यकीय इतिहास दिसला. १९९२ मध्ये हेल्स आणि बार्कर यांनी मांडलं की गर्भात अन्न कमी पडलं तर वाढणारं शरीर मेंदू वाचवतं आणि स्वादुपिंडासारख्या अवयवांच्या वाटणीला कात्री लावतं. असं बाळ पुढेही अन्न कमीच मिळालं तर निभावून नेतं. मुबलक मिळालं की अडचण होते. हॉलंडमध्ये १९४४-४५च्या हिवाळ्यात नाझींनी अन्नाचा पुरवठा तोडला होता. तेव्हा पोटात असलेली मुलं पन्नाशीत आल्यावर तपासली, तर ग्लुकोज दिल्यानंतर त्यांची साखर इतरांपेक्षा जास्त चढत होती. एका माणसाच्या बाबतीत दुष्काळापासून शुगरपर्यंत सरळ रेघ ओढता येत नाही, आणि मी ओढणारही नाही. पण जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडचा पन्नाशीतला पेशंट आला की मी त्याला जन्मसाल विचारते. आजींनी कुणाचं काही वाईट केलं नव्हतं, तात्यांनीही नाही.

मात्र एक गोष्ट प्रेमाने विचारते. टेंभू सिंचन योजनेचं पाणी आल्यावर रानात ऊस लावला आणि आता कामाला माणसं असतात, असं तुम्हीच लिहिलं आहे. मग तात्यांचं राबणं गेल्या पाच-सात वर्षांत किती उरलं आहे? रानात चालत जातात की मोटारसायकलवर? हा ठपका नव्हे. चालणारा स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न बघता रक्तातली साखर उचलतो, म्हणून विचारते. जेवणानंतरची पंधरा मिनिटांची चालसुद्धा जेवणानंतरच्या आकड्यात दिसते.

आता सकाळची १८०. हा प्रश्न मला आठवड्यातून दहा वेळा तरी विचारला जातो आणि तो अतिशय रास्त आहे. खाल्लं नाही, तर साखर आली कुठून?

लिव्हरमधून. निरोगी माणसाच्या अंगातल्या सगळ्या रक्तात मिळून साखर असते जेमतेम पाच ग्रॅम, एक चहाचा चमचा. मेंदूला मात्र दिवसाला सव्वाशे ग्रॅमच्या आसपास लागते आणि तो झोपेतही थांबत नाही. म्हणून निसर्गाने लिव्हरला कणगी करून ठेवलं आहे. दिवसा जेवणातली साखर तिथे भरायची, रात्री तासाला आठ-दहा ग्रॅम बाहेर सोडायची. साठा कमी पडला तर लिव्हर नवी साखर तयारही करतं. किती सोडायची यावर लगाम ठेवणारं मुख्य संप्रेरक म्हणजे इन्सुलिन. 'पुरे' हा निरोप लिव्हरला त्याच्याकडून मिळतो. लिव्हरमध्ये चरबी साचली की हा निरोप ऐकू येईनासा होतो, आणि माणूस गाढ झोपलेला असताना कणगीतून साखर ओतली जात राहते. त्यात पहाटे शरीर उठायच्या तयारीला लागतं, कॉर्टिसोलसारखी संप्रेरकं वाढतात, साखर आणखी चढते. तात्यांनी ताकाऐवजी नुसतं पाणी पिऊन झोपायचं ठरवलं तरी हे चालूच राहील. त्यांच्या उपासाची ही हार नाही.

आणि 'तुमची गोळी' नेमकं इथेच काम करते. तात्यांना दिलेली मेटफॉर्मिन प्रामुख्याने लिव्हरमधून सुटणारी साखर कमी करते. तुम्ही काढ्याच्या बाजूने लिहिलंत म्हणून सांगते, या गोळीचं मूळही वनस्पतीतच आहे. युरोपात गॅलेगा नावाचं झुडूप जुन्या काळी अशा तक्रारींवर वापरत. त्यातलं द्रव्य साखर उतरवायचं, पण विषारी होतं. त्याच जातीची कमी घातक द्रव्यं शोधता शोधता मेटफॉर्मिन हाती आलं आणि १९५७ मध्ये पॅरिसमध्ये जाँ स्टर्न यांनी मधुमेहावरचे आपले अनुभव प्रसिद्ध केले. म्हणजे झाडपाल्याशी माझं भांडण नाही. तुमच्या काढ्यात काय आहे, किती आहे आणि तात्यांच्या किडनीवर त्याचा काय परिणाम होतो, हे तुम्हाला, मला किंवा तो देणाऱ्याला ठाऊक नाही, एवढीच माझी तक्रार आहे. शिवाय शुगरवरच्या 'आयुर्वेदिक' म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्यांमध्ये ॲलोपॅथीच्या गोळ्या कुटून घातल्याचं अनेक देशांत तपासणीत उघड झालं आहे. आकडा चटकन उतरला तर आधी हा संशय घ्यावा.

१४५ हा एका सकाळचा एक आकडा आहे. तीन महिन्यांची तपासणी, एचबीए१सी, करा. तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात आणि त्यांना चिकटलेली साखर मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशोब सांगते. ६.५ किंवा वर म्हणजे मधुमेह. तात्यांचं रक्त कमी असेल तर हा आकडा फसवा येऊ शकतो, म्हणून हिमोग्लोबिनही बघा.

मेटफॉर्मिनबद्दल तुम्ही लिहिलेली एक शंका खरी आहे: बरीच वर्षं घेतली तर बी१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकतं. तात्या माळकरी, शाकाहारी आहेत, तेव्हा ते तपासून घ्याच. 'किडनी खराब करते' हे मात्र खरं नाही. किडनी आधीच कमजोर असेल तर डोस कमी करावा लागतो किंवा गोळी थांबवावी लागते, त्यातून हा गैरसमज पसरला आहे.

गोळ्या वाढत का जातात? ब्रिटनमध्ये १९७७ साली सुरू झालेल्या आणि १९९८ मध्ये निष्कर्ष आलेल्या मोठ्या अभ्यासात पाच हजारांहून जास्त नवे पेशंट होते. त्यातून दिसलं की निदान होतं तेव्हाच इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींची ताकद सुमारे निम्म्यावर आलेली असते आणि पुढे ती घटत जाते. म्हणून काही वर्षांनी तीच गोळी पुरत नाही. त्यात डॉक्टरचा डाव नसतो, पेशंटचा आळसही नसतो. त्याच अभ्यासात साखर काटेकोर ठेवलेल्या गटात डोळे, किडनी यांसारखी बारीक रक्तवाहिन्यांची दुखणी पाव हिश्शाने कमी झाली.

इन्सुलिनची सवय लागत नाही. ते आपल्याच शरीरात तयार होणारं द्रव्य आहे, कमी पडलं तर बाहेरून द्यायचं. साखर फार चढलेली असताना बीटा पेशी आणखी लुळ्या पडतात, अशा वेळी काही आठवडे इन्सुलिन देऊन त्यांना विसावा दिला आणि नंतर पुन्हा गोळ्यांवर आणलं, असे पेशंट माझ्याकडे आहेत. १९२२च्या जानेवारीत टोरंटोमध्ये पहिल्यांदा एका १४ वर्षांच्या मुलाला ते टोचलं गेलं. त्याआधी टाइप वनच्या, म्हणजे शरीरात इन्सुलिन जवळजवळ तयारच न होणाऱ्या मुलांना उपाशी ठेवून मरणाची वाट बघण्यापलीकडे फार काही करता येत नव्हतं. त्या औषधाला आपण शेवटची पायरी म्हणतो, याचं मला फार वाईट वाटतं.

औषधाशिवाय साखर आटोक्यात येऊ शकते का? येऊ शकते. ब्रिटनमध्ये २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या 'डायरेक्ट' अभ्यासात काही महिने दिवसाला साडेआठशेच्या आत-बाहेर कॅलरी देऊन वजन उतरवलेल्यांपैकी ४६ टक्के लोकांची साखर वर्षानंतर गोळीशिवाय मधुमेहाच्या खाली होती. दोन वर्षांनी ३६ टक्के. लिव्हर आणि स्वादुपिंडातली चरबी उतरली की पेशी पुन्हा कामाला लागतात, असा त्यामागचा विचार. पण त्यांचा आजार सहा वर्षांच्या आतला होता आणि ते वजनदार होते. ५८ किलोच्या तात्यांना उपाशी ठेवून हा प्रयोग घरी करू नका. त्यांच्यासाठी ताटातली अदलाबदल पुरे: दोन भाकरींची एक, तिच्या जागी मटकी, हुलगा, पालेभाजी. शाळूची भाकरी चांगली, पण तिचीही शेवटी साखरच होते. गुळाचंही तेच, तो साखरेचाच सख्खा भाऊ.

एक धोक्याची खूण नीट वाचा. तात्यांचं वजन गेल्या काही महिन्यांत आपोआप उतरत असेल, तहान-लघवी वाढली असेल, तर हा कदाचित टाइप टू नसेलच. उशिरा येणारा टाइप वन किंवा स्वादुपिंडाचा आजार सडपातळ माणसात शोधावा लागतो, त्यासाठी सी-पेप्टाइड आणि अँटिबॉडीच्या तपासण्या असतात. तसं असेल तर गोळी बंद करून वाट बघत बसणं जीवावर बेतू शकतं. उलट्या, धाप, ग्लानी असेल तर त्याच दिवशी दवाखाना.

मी एवढं का लिहिते आहे ते सांगते. माझे वडील कवठेमहांकाळकडे मास्तर होते. मी एमबीबीएसला शिकत असताना कुणाच्या तरी सांगण्यावरून त्यांनी दोन वर्षं गोळी सोडली होती. घरी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. चैत्रात ते औदुंबरला दत्ताच्या दर्शनाला गेले आणि भर उन्हात फरशीवर अनवाणी उभे राहिले. दोन दिवसांनी आईला चादरीवर डाग दिसला तेव्हा कळलं, तळव्याला केवढा फोड आला होता. "दुखलंच नाही गं," म्हणाले. त्या पायाची तीन बोटं काढावी लागली. त्यांनीही जन्मभर चहात अर्धाच चमचा साखर घेतली होती.

तेव्हा सोमवारी तात्यांना त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जुन्या फाइलसकट पाठवा. काढा चालू आहे हे लपवू नका. गोळी कोणती, किती, हे त्यांना ठरवू द्या. डोळ्यांचा पडदा, लघवीतलं प्रोटीन आणि क्रिएटिनिन तपासायला सांगा.

आज फोन कराल तेव्हा तात्यांना पायाला मुंग्या येतात का विचारा. ते नाही म्हणतील. मग फोन आईकडे द्यायला सांगा, आणि त्यांना तात्यांचे दोन्ही तळवे उजेडात बघायला लावा. बोटांच्या बेचक्यांतसुद्धा.